चोवीस गुरू आणि एक शिष्य

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला, की आपल्या गोदाकाठच्या गावागावांत पारायणाची तयारी सुरू होते. देवघरातला फोटो खाली काढून पुसला जातो. त्याला नवा हार येतो. गेल्या वर्षी आमच्या घरी असाच फोटो पुसायला काढला होता. शेजारी नातू बसला होता, सात वर्षांचा. फोटोकडे बघत बघत त्यानं विचारलं, "आजोबा, दत्ताजवळ गाय हाय, चार कुत्री हायेत. मग माणूस कसा काय नाही?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. गाय म्हणजे पृथ्वी, चार कुत्री म्हणजे चार वेद. लेकरू गप्प बसलं, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. चाळीस वर्षं पारायणं करतो, रोज आरती म्हणतो, आणि हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही! आज या अंकाच्या निमित्तानं त्या लेकराच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. कारण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक मोठा प्रश्न आहे: जनावरात आणि माणसात फरक तो काय?

आपल्याकडचं जुनं सांगणं सगळ्यांना ठाऊक आहे. खाणं, झोपणं, भिणं आणि प्रजा वाढवणं या चार गोष्टी पशूला आणि माणसाला सारख्याच. माणसाला धर्म तेवढा जास्तीचा. बरोबर आहे. पण धर्म म्हणजे काय, असं विचारलं की आपण गंध लावतो, उपास करतो, आणि झालं म्हणतो. तिथं थांबून चालणार नाही.

आता शिकलेली मंडळी म्हणतील, माणसाला बुद्धी आहे, हत्यार आहे, भाषा आहे, तो फरक. पण तोही टिकत नाही. १९६० साली आफ्रिकेतल्या गोंबेच्या रानात जेन गुडाल या बाईंनी पाहिलं, की चिंपांझी गवताची काडी वारुळात घालतो आणि काडीला चिकटलेली वाळवी खातो. म्हणजे हत्यार आलं. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांचा अभ्यास केला. फुलं कोणत्या दिशेला आहेत आणि किती लांब आहेत, हे माशी पोळ्यावर नाचून दुसऱ्या माश्यांना सांगते, असं त्यांनी दाखवलं. त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. म्हणजे एक प्रकारची भाषाही आली. आणि माया म्हणाल, तर ती आपल्या गोठ्यात रोज दिसते. वासरू गेलेली गाय हंबरते, तिचा आवाज ऐकवत नाही. मग आपल्याजवळ वेगळं असं काय उरलं?

मला हे उत्तर पोथीत सापडायच्या आधी गोठ्यात सापडलं होतं. ते सांगतो.

१९७२ चा दुष्काळ. मी दहा-अकरा वर्षांचा. विहिरीला तळ लागलेला. मोठी माणसं खडी फोडायला जायची. आम्हा लेकरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलोची भाकरी. दावणीला लाल कंधारीची बैलजोडी होती, सर्जा आणि हौशा. माणसालाच खायला नाही, तर बैलाला कुठून घालावं? कडब्याच्या पेंडीला सोन्याचा भाव. आबांनी महिनाभर कसंबसं काढलं. छपरावरचं जुनं गवत उपसून घातलं. शेवटी एक दिवस पहाटे उठून हौशाला सोडलं आणि बाजारात नेलं. संध्याकाळी एकटेच आले. हातात नुसता कासरा.

तीन दिवस सर्जानं तोंडाला काही लावलं नाही. रिकाम्या खुंट्याकडे जायचा, माती हुंगायचा, परत यायचा. आई रडली. मी म्हणालो, "आबा, बैलालाबी माणसासारखंच दुःख असतं की!"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुःख माणसासारखं असंल. पण हौशा गेला एवढंच त्याला कळतंय. कुणी नेला, हे त्याला ठाऊक नाही. आता मी उठून त्याच्याजवळ गेलो, तर तो माझाच हात चाटंल. ज्या हातानं कासरा सोडला, तोच हात."

आणि खरंच, आबा उठून गोठ्यात गेले. सर्जानं मान पुढं केली आणि त्यांचा हात चाटला. आबांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पोळा आला. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, सर्जाला उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. पोळ्याच्या दिवशी आबांनी पुरणपोळीचे दोन नैवेद्य काढले. एक सर्जाला दिला, दुसरा रिकाम्या खुंट्यापुढं ठेवला. मरेपर्यंत दरवर्षी ठेवला. त्यानंतर आमच्या दावणीचं एकही जनावर बाजारात गेलं नाही. सर्जा म्हातारा झाला, जू ओढेना, तरी तो गोठ्यातच राहिला आणि गोठ्यातच गेला. आबा शिकलेले नव्हते. पण दत्तमहाराजांचा एक मोठा धडा त्यांना एका बैलानं दिला होता, आणि त्यांनी तो घेतला होता.

आता पोथीकडे वळू.

भागवताच्या अकराव्या स्कंधात भगवंत उद्धवाला एक जुना संवाद सांगतात. यदु राजाला एक तरुण अवधूत भेटतो. घर नाही, दार नाही, अंगावर धड वस्त्र नाही, पण चेहऱ्यावर आनंद. राजा विचारतो, की महाराज, काम आणि लोभाच्या वणव्यात सगळे लोक पोळतात, आणि तुम्ही गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे थंड कसे? तो अवधूत म्हणजेच आपले दत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. ते सांगतात, मी चोवीस गुरू केले.

आपण चोवीस गुरू, चोवीस गुरू म्हणतो, पण कधी मोजून पाहिलेत का? मोजा. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र. हे झाले आठ. पिंगला नावाची वेश्या, एक कुमारिका, एक लहान मूल, बाण करणारा कारागीर आणि मध गोळा करणारा. ही माणसं पाच. बाकीचे कोण? कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. अकरा! चोवीसातले अकरा गुरू पशू, पक्षी आणि किडे. माणसं पाच, त्यांतही एकही पंडित नाही, एकही राजा नाही.

मग सांगा, जनावर गुरू आणि माणूस शिष्य, तर मोठं कोण?

इथंच मर्म आहे. हरिण गाण्याला भुलून जाळ्यात सापडतं. पण ते पाहून दुसरं हरिण सावध होत नाही. मासा जिभेपायी गळाला लागतो. शेजारचा मासा दुसऱ्या दिवशी त्याच गळाकडे येतो. एक पतंग ज्योतीत जळतो, त्याच्या मागं दुसरा येतो, त्याच्या मागं तिसरा. पतंग पतंगाचा गुरू होऊ शकला नाही. तो अवधूताचा गुरू झाला. का? कारण अवधूतानं जळणारा पतंग पाहिला आणि नजर वळवून स्वतःकडे पाहिलं. माझ्यात असा पतंग कुठं आहे, हे विचारलं.

एवढाच फरक आहे, भक्तहो. हे वळून पाहणं. जनावरं काहीच शिकत नाहीत असं माझं म्हणणं नाही. मांजर पिल्लाला शिकार शिकवते, वासरू आईमागं वाट शिकतं. पोट कसं भरावं आणि जीव कसा वाचवावा हे शिक्षण त्यांच्यातही आहे, कधी कधी आपल्यापेक्षा चांगलं आहे. पण दुसऱ्या जातीच्या जीवाकडे पाहून स्वतःच्या मनातला डाग ओळखणं आणि उद्यापासून वेगळं वागणं, हे माणसाला दिलेलं आहे.

यावर एक प्रयोग आठवतो. १९७० साली गॉर्डन गॅलप या अमेरिकन शास्त्रज्ञांनी चिंपांझींना बेशुद्ध करून त्यांच्या भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला आणि शुद्धीवर आल्यावर पुढं आरसा ठेवला. चिंपांझीनं आरशात पाहिलं आणि हात स्वतःच्या भुवईवर नेला. हा डाग माझ्या अंगावर आहे, हे त्याला समजलं! पुढं हत्ती आणि डॉल्फिन यांच्यातही अशी ओळख आढळली. म्हणजे आरशात स्वतःला ओळखणंसुद्धा एकट्या माणसाचं नाही. पण तो डाग कपाळावरचा होता. मनावरचा डाग दाखवणारा आरसा कोणता? दत्तमहाराज सांगतात, सगळी सृष्टीच तो आरसा आहे. मात्र त्यात स्वतःला पाहणारा पाहिजे.

याच संवादात कुरर पक्ष्याची गोष्ट आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. बाकीचे बलदंड पक्षी त्याला टोचू लागले. शेवटी त्यानं तुकडा टाकून दिला आणि तो सुखी झाला. आपण म्हणतो, वा, पक्षी शहाणा! पण जरा विचार करा. पक्ष्यानं तुकडा टाकला तो मार पडला म्हणून. उद्या दुसरा तुकडा दिसला, की तो पुन्हा उचलणार. अवधूताला मात्र कुणी टोचलं नाही. त्यानं नुसतं पाहिलं आणि स्वतःच्या चोचीतलं काय टाकायचं ते ओळखलं. जनावर मार बसल्यावर सोडतं. माणसाला पाहून सोडता येतं. मार बसायच्या आधी सोडता येणं, याचं नाव विवेक.

आता स्वतःला विचारू. आपण पाहून सोडतो का?

बांधाचं भांडण घ्या. आपल्या भागात असं गाव दाखवा, जिथं हातभर बांधासाठी दोन भाऊ कोर्टात उभे नाहीत. तारखांना जाण्यायेण्यात आणि वकिलांच्या फीमध्ये त्या हातभर मातीच्या कितीतरी पट पैसा जातो. बाप वारला तरी एक भाऊ खांदा द्यायला येत नाही. शेजारच्या शिवारात हेच घडलेलं दोघांनीही पाहिलेलं असतं. पाराजवळ बसून त्यांनीच म्हटलेलं असतं, "काय मिळवलं हो त्यांनी भांडून?" आणि घरी येऊन तेच करतात. चोचीतला तुकडा सुटत नाही. कुररापेक्षाही आपण मागं राहिलो, कारण तो मार बसल्यावर तरी सोडतो.

मधमाशीची गोष्ट घ्या. अवधूतानं तिच्याकडून दोन धडे घेतले. फुलाला इजा न करता थोडं थोडं घ्यावं, हा एक. आणि साठवून ठेवलं की ते दुसराच घेऊन जातो, हा दुसरा. माशी साठवते ती तिचा स्वभाव म्हणून. तिला दोष नाही. पण दुष्काळात वैरणीचा भाव आणखी चढावा म्हणून गंजी झाकून ठेवणारा माणूस मी लहानपणी पाहिला. त्याच्या वाड्यात गंजी होत्या आणि शेजारच्या गोठ्यात गाय खाली बसली होती, ती पुन्हा उठली नाही. कुठल्या जनावरानं असं केलेलं तुम्ही पाहिलंय? पोट भरलेला वाघ शिकारीमागं धावत नाही.

म्हणून कुणी फार वाईट वागला, की आपण म्हणतो, "काय पशू आहे!" हा शब्द चुकीचा आहे. पशूचा अपमान आहे. बैल बैलपणाच्या खाली कधीच जात नाही. त्याला तसं जाताच येत नाही. वर जायची वाट माणसालाच आहे, आणि घसरायची वाटही माणसालाच आहे. ज्याला वळून पाहता येतं, त्यानं पाहिलं नाही, तर तो त्याचा दोष. पतंगाला आपण दोष देत नाही. दारूनं शेजाऱ्याचं घर उद्ध्वस्त झालेलं पाहून जो त्याच गुत्त्याची वाट धरतो, त्याला मात्र जाब द्यावा लागतो. आणि तो जाब सगळ्यात आधी स्वतःच्या लेकरांना द्यावा लागतो.

याच संवादाच्या शेवटाकडे अवधूत राजाला फार गोड गोष्ट सांगतो. देवानं झाडं केली, सरपटणारे जीव केले, पशू केले, पक्षी, डास, मासे केले. पण त्याचं मन भरेना. मग त्यानं माणूस केला, ज्याच्या बुद्धीला परमेश्वर पाहता येईल, आणि तेव्हा कुठं देवाला आनंद झाला. यात गर्व करण्यासारखं काही नाही. बापाला मुलगा झाल्याचा आनंद होतो तो त्याच्यावर आशा असते म्हणून. देवाची आपल्यावर आशा आहे. ती पुरी झाली का, हे त्याला विचारायची गरज नाही. आपलं आपल्याला कळतं.

या अध्यायांवर पैठणच्या नाथमहाराजांनी किती प्रेमानं लिहिलंय! अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका म्हणजे एकनाथी भागवत, काशीत शके १४९५ म्हणजे १५७३ साली पुरी झाली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त, आणि आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरतीही नाथांचीच. वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजणारे हेच नाथ. गाढवाला नुसती तहान कळत होती. गाढवाची तहान कळणारे नाथ होते. दुसऱ्या जीवाकडे पाहून ज्याची नजर स्वतःकडे वळते, त्याला दुसऱ्याचं दुःख परकं वाटत नाही. विवेकाला करुणेचं फळ येतं ते असं.

पैठणहून खाली वाहत येणारी तीच गोदामाय आपल्या तालुक्याला शिवून जाते. तिच्या काठी आपलं गुंज. तिथं योगानंद सरस्वती म्हणजे गांडा महाराज यांची समाधी आहे. ते मूळ गुजरातेतले, टेंबेस्वामी म्हणजे वासुदेवानंद सरस्वती महाराजांचे शिष्य. गुजरातीत गांडा म्हणजे वेडा. त्यांना हे नाव लाजिरवाणं वाटलं नाही. स्वतः एवढे मोठे अधिकारी, पण त्यांनी चरित्र लिहिलं ते आपल्या गुरूंचं. थोर झाल्यावरही ते शिष्यच राहिले. गुंजला जाऊन आपण नारळ फोडतो, अभिषेक करतो. कधी थोडा वेळ बसून हे शिष्यपण मागून घ्यावं.

आणि पाथरी म्हटलं की साईबाबांचं नाव येतंच. बाबांचा जन्म इथला अशी हजारो भक्तांची श्रद्धा आहे, आणि बाबांना दत्तरूप मानणारेही पुष्कळ. साईचरित्रात तर्खडबाईंची गोष्ट आहे. शिर्डीत त्या जेवायला बसत होत्या, एवढ्यात एक भुकेलं कुत्रं दारात आलं. त्यांनी उठून त्याला भाकरी दिली. संध्याकाळी मशिदीत गेल्या, तर बाबा म्हणाले, की आज तुम्ही मला पोटभर जेवू घातलंत. बाईंना कळेना, कधी घातलं? बाबांनी सांगितलं, ते कुत्रं मीच. दत्ताच्या पायाशी जी कुत्री आहेत, ती आपल्या दारातही येतात. फोटोतल्या कुत्र्यांना हार आणि दारातल्याला दगड, असं चाललं तर पारायणाचा उपयोग काय?

तर भक्तहो, या दत्तजयंतीला एक छोटा नेम करू. पौर्णिमेला जन्मकाळाचा सोहळा होईल, पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. त्या रात्रीपासून झोपायच्या आधी पाच मिनिटं काढायची आणि स्वतःला विचारायचं: आज मला कोण गुरू भेटला? आणि त्याच्याकडे पाहून माझ्यातलं काय दिसलं? बास. पुस्तक लागत नाही, पैसा लागत नाही. ओझं वाहून थकलेला बैल असेल. पिल्लासाठी चोचीत दाणा नेणारी चिमणी असेल. घरातली म्हातारी आई असेल, जिनं आज सकाळी आपण ओरडलो तरी उलट उत्तर दिलं नाही. आणि काहीच भेटलं नाही असं वाटलं, तर स्वतःचा देह आहेच. अवधूतानं देहालाही गुरू म्हटलं आहे. रोज झिजतो आणि रोज सांगतो, वेळ थोडा आहे.

मात्र नुसतं दिसून भागत नाही. आबांना डोळ्यांत पाणी आलं तेवढ्यावर ते थांबले असते, तर पुढच्या उन्हाळ्यात सर्जाही बाजारात गेला असता. पश्चात्ताप हे दार आहे. पिंगला त्या दारातून गेली, वाल्या कोळी गेला. दारात बसून रडत राहणारे पुष्कळ. दिसलं ते दुसऱ्या दिवशीच्या वागण्यात उतरलं, तर शिष्यपण पुरं झालं. ज्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्याच्या दारात जयंतीचा प्रसाद घेऊन स्वतः जा. तो दार उघडेल की नाही, हे त्याचं तो बघेल. आपल्या चोचीतला तुकडा आपण टाकायचा.

आता त्या लेकराचा प्रश्न. दत्ताजवळ माणूस का नाही?

यंदा फोटो पुसताना मी नातवाला पुन्हा जवळ घेतलं. म्हटलं, "बाळा, तू विचारलं होतंस ना? नीट बघ. गाय गुरू, कुत्री गुरू. गुरूंची जागा फोटोत. माणूस कुठं असतो सांग बरं?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माणूस हितं हाय. फोटोसमोर. हात जोडून."

तीच आपली जागा आहे. ती सोडू नये.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!